सगुणेला उठवायचं कुणी

राहू गावात नाटकात मेलेलं माणूस आपलं आपण उठत नाही.

पडदा पडला, पेटीवाल्यानं पेटी मिटली, तरी ते तसंच पडून राहतं. मग त्याच्या घरचं कुणीतरी स्टेजवर चढतं, भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकतं आणि त्याला खऱ्या नावानं हाक मारतं. हाक आली की उठायचं आणि उठवणाऱ्याच्या मागोमाग त्याच्या घरी जायचं. मरणाची नुसती नक्कल केली तरी ते अंगाला चिकटतं, म्हणून झाडून टाकायचं, अशी समजूत. हे कुणी सुरू केलं ते आता कुणालाच सांगता येत नाही. पण जत्रेतल्या नाटकाचा विषय निघाला की पंच अजूनही तेवढं एक विचारून घेतात.

पूर्वी त्यात गंमतही होती. नवऱ्याचं नाव कधी न घेतलेल्या बायकांना तिथं ते घ्यावं लागे. पोपटराव तरुणपणी 'सगुणा' नाटकात रायाजी करायचे. पहिल्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, सिंधूबाईंच्या, तोंडून नाव काही निघेना. हातात तुकडा धरून नुसतं, "अवो, उठा की." पोपटराव डोळे मिटून पडलेले. तेव्हा शेजारीच सगुणेच्या नऊवारीत मरून पडलेले हौसराव म्हणाले, "वैनी, घ्या बिगी बिगी. मला मुंग्या चावत्यात."

अनितानं हे सगळं लहानपणी पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं. आपल्याला कुणी उठवायची वेळ येईल असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं, कारण तेव्हा बायका नाटकात नसत.

आता ती चव्वेचाळिसाची आहे. पोपटरावांच्या नर्सरीत ती रोपांचे ट्रे भरते. पोत्यावर मांडी घालून बसायचं, ट्रेमध्ये नारळाचा भुसा दाबायचा, बोटानं प्रत्येक घरात खळगी करायची आणि एकेक बी सोडायचं. टोमॅटोचं, कोबीचं, मिरचीचं. शेजारी सरूबाई बसते, ती दोघींच्या वाटणीचं बोलते. अनिता हुंकार देते.

लग्न झालं तेव्हा ती दौंडला रेल्वे कॉलनीत राहायला गेली होती. नवरा रविराज रेल्वेत डब्यांच्या दुरुस्तीवर. मूल झालं नाही. एका दिवाळीला ती माहेरी आली आणि तिला न्यायला कुणी आलं नाही. भांडण नाही, फारकत नाही. माणसं पाठवून विचारलं तेव्हा कळलं, रविराजनं दुसरं घर केलंय. आई-वडील होते तोवर ती त्यांच्याजवळ राहिली. ते गेल्यावर गोठ्याशेजारच्या खोलीत. मोठ्या घरात भाऊ आणि वहिनी. भाऊ कंटेनरवर ड्रायव्हर, महिन्यातले थोडेच दिवस घरी. वहिनी, साखरबाई, सणाला ताट देते, आजारपणात विचारते. खोली आणि घर यांच्यामध्ये अंगण आहे, तेवढं अंतर दोघींनीही ठेवलेलं आहे.

पोपटरावांचा मुलगा सत्यजीत पुण्यात नाटक शिकून आला आणि त्यानं जत्रेला 'सगुणा' नव्यानं करायचं काढलं. भीमेच्या अलीकडची सगुणा आणि पलीकडचा, शिरूरच्या अंगाचा रायाजी. दोन्ही गावांचं नदीच्या पाण्यावरून वैर. जुन्या नाटकात सगळं एका रात्रीत आटपायचं. सगुणेचे भाऊ रायाजीला सांगतात ती मेली, तिला सांगतात तो पळाला. दोघं घाटावर भेटतात तेव्हा त्याला भावांचा घाव बसलेला असतो, आणि ती धोतऱ्याचं बी खाते. सत्यजीतनं त्या एका रात्रीची वीस वर्षं केली. त्याच्या नाटकात सगुणा वाट बघत चाळिशीला टेकते आणि मग रायाजी येतो.

"चाळिशीची सगुणा?" पोपटराव म्हणाले. "आन् रायाजी काय, गुडघ्याला तेल चोळत येणार व्हय रे?"

"येऊ दे की, आप्पा. वाट बघणं काय पोरींनाच येतं?"

सत्यजीत नर्सरीत येऊन बायकांकडून वाक्यं म्हणवून घ्यायचा. सरूबाईनं म्हटलं की सगळ्या हसायच्या. एकदा त्यानं कागद अनितापुढं धरला. तिचे हात भुशात होते, म्हणून तो धरूनच उभा राहिला. तिनं आवाज न चढवता वाचलं, "तुम्ही आला न्हाई. मी दार लावून घेतलं न्हाई, एवढंच."

कुणी हसलं नाही. सत्यजीत म्हणाला, "आत्या, हे काम तुम्ही करायचं."

ती नाही म्हणेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं हातातला ट्रे पुरा भरला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, "करते."

गावात चर्चा झाली. व्हायचीच होती. टाकलेल्या बाईनं सगुणा करायची म्हणजे काय, असं काहींनी पारावर बोलून घेतलं. अनिताच्या कानावर ते आलं, पण यापेक्षा जड बोलणी तिनं ऐकलेली होती. तिला त्या भाषणांची ओढ लागली. दिवसभरात चार वाक्यं न बोलणाऱ्या तिला आता पानभर बोलायचं होतं, आणि तेवढा वेळ समोरच्यानं थांबून ऐकायचं होतं. ट्रे भरता भरता ती पुटपुटायची. सरूबाई म्हणायची, "मिरचीला काय सांगतीस बाई इतकं? तिखट व्हायची न्हाई ती."

रायाजी पप्पू करणार होता. तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत जीप चालवणारा, चाळिशीतला, पोट सुटलेला, पण आवाज खणखणीत. तालमी शाळेच्या वर्गात होत. पंधराएक दिवस झाले असतील, तेव्हा सत्यजीतनं शेवट कसा करायचा ते सांगितलं.

"पडदा पाडायचा नाही."

"मग उठवणं?" पोपटराव रोज तालमीला येऊन बसत. "त्ये सोडता येणार न्हाई हां. पंच मानायचे न्हाईत."

"सोडतोय कुठं? तेच तर ठेवतोय. पडदा उघडा, दिवे चालू. घरचं माणूस लोकांसमोर वर येणार, भाकरी ओवाळणार, नाव घेणार. खरं नाटक तिथंच आहे, आप्पा. आजवर आपण ते पडद्याआड घालवलं."

पप्पू खूश झाला. "माझी बायको येती की. नाव घ्यायला तिला आजकाल लाज न्हाई वाटत, रागात तर आडनावासकट घेती."

घरी येताना अनितानं वाट वाकडी केली नाही, सरळ मोठ्या घराच्या ओसरीवर गेली. साखरबाई मेथी निवडत बसली होती.

"वैनी, जत्रेला नाटक हाय."

"ठावं हाय. समदं गाव बोलतंय."

"शेवटाला मला उठवायला कुनीतरी लागंल."

साखरबाईचे हात थांबले. "म्यां?"

"दुसरं कोन हाय?"

साखरबाईनं निवडलेली पानं एका बाजूला सारली. "वन्सं, राग धरू नका. तुमी आमाला जड न्हाई. पर उठवलं म्हंजी घरी न्यायचं. समद्या गावाच्या म्होरं तुमाला ह्या घरातली म्हणून घेतल्यासारखं व्हतं. ह्यांना इचारल्याबिगर मी न्हाई करायची. उद्याला तुमचं नि ह्यांचं जमिनीवरनं काय निघालं, तर लोक म्हणत्याल, साखरबाईनंच उठवून आणली व्हती."

"मला जमीन नकोय, वैनी."

"तुमाला आज नकोय."

ती खोटं बोलत नव्हती. अनितानं भावाला फोन लावला. तो नागपूरच्या पुढं कुठंतरी होता. "आल्यावर बघू," म्हणाला. जत्रा त्याच्या येण्याआधी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं ट्रेवरून मान न उचलता सत्यजीतला सांगितलं, "माझ्याजागी दुसरी बघ."

"आत्या, आता? का?"

"उठवायला कुनी न्हाई मला."

बी सोडणारं बोट पुढं सरकत राहिलं. सत्यजीत निघून गेला. आपण इतके दिवस तालमी घेतल्या आणि हे आपल्या ध्यानातच आलं नाही, याची त्याला लाज वाटली असावी. दोन दिवसांनी तो परत आला तो हसत.

"माणूस मिळालं. घरचंच. तुम्ही फक्त काम करा."

"कोन?"

"ते त्या वेळी कळेल. आधी सांगितलं तर तुमच्या चेहऱ्यावर दिसेल. मला ते खरं हवंय."

"अरं, पर कोन?"

"विश्वास ठेवा की, आत्या."

तिनं ठेवला. त्यानंतरचे दिवस तिच्या आयुष्यात निराळे गेले. साखरबाईनं एका संध्याकाळी वाटीभर कालवण आणून दिलं, तेव्हा अनिताला वाटलं, हीच. भावाशी बोलणं झालं असेल, सांगायला अवघडत असेल. मग वाटलं, भाऊच मधे गाडी सोडून येत असेल. मग सिंधूबाई आठवल्या. त्या घरच्या नव्हेत, पण पंचांना विचारून काही सोय केली असेल. हपशावर, दुकानात, नर्सरीच्या फाटकात, जो भेटेल त्याच्या आवाजात ती स्वतःचं नाव मनातल्या मनात ऐकून बघायची. कुणाच्याही आवाजात ते बरं वाटत होतं. इतके दिवस तिला नावानं फारसं कुणी बोलावतच नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं. लहानांची ती आत्या होती, साखरबाईची वन्सं, आणि बाकीच्यांना हाक मारायचं कारण पडत नव्हतं.

जत्रेच्या दिवशी नाटक सातलाच सुरू झालं, कारण दहाला स्पीकर बंद करावा लागतो. पुढं पोरं, मग बायका, मागं मोटरसायकलींवर बसलेले पुरुष. पहिल्या प्रवेशाला शिट्ट्या झाल्या. अनिता स्टेजवर आली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "सगुणाबाई, आधार कार्ड दाखवा!" लोक हसले. ती थांबली, हसणं ओसरू दिलं आणि मग बोलायला लागली. दाराच्या भाषणापर्यंत मागच्या मोटरसायकलींवरचं बोलणंही थांबलं होतं. तिनं काही विशेष केलं नाही. हात फार हलवले नाहीत. नर्सरीत बोलायची तशीच बोलली, फक्त सगळ्यांना ऐकू जाईल असं.

रायाजी तिच्या मांडीवर मेला. तिनं धोतऱ्याचं बी तोंडात टाकलं आणि त्याच्या शेजारी आडवी झाली. पेटी थांबली. दिवे तसेच राहिले.

आधी पप्पूची बायको वर आली, तिच्या हाताला धरून त्यांची पोरगी प्रांजल. पोरीनं घाईनंच हाक मारली, "पप्पा, ऊठ!"

"तसं न्हाई," खालून पोपटराव म्हणाले. "खरं नाव घे."

"पुंडलिक!" प्रांजल ओरडली. बापाला असं नावानं ओरडायला मिळालं म्हणून तिला हसू फुटलं आणि सगळी जत्रा हसली. पप्पू उठला, पोरीला खांद्यावर घेतलं आणि बायकोमागं पायऱ्या उतरून गेला. टाळ्या वाजल्या.

मग शांत झालं. अनिता डोळे मिटून पडली होती. फळ्यांना नव्या रंगाचा वास होता. पायरीवर पाऊल वाजलं. बांगड्या वाजल्या नाहीत, म्हणजे बाई नव्हे. भाऊ, तिला वाटलं, आणि तिचे ओठ हलणार होते ते तिनं आवरले. पावलं जवळ येऊन थांबली. अंगावरून काहीतरी फिरल्याची हवा लागली. बाजरीच्या भाकरीचा वास आला.

"अनिता."

अठरा वर्षांत तो आवाज थोडा जाड झाला होता, पण ओळखायला वेळ लागला नाही. खाली बायकांमध्ये कुजबुज पसरत गेली. दौंडवाला. नवरा हाय तिचा. आला बाई.

ती हलली नाही. पहिल्यांदा तर तिला काहीच वाटलं नाही. मग तिच्या मनात आलं ते असं, की ही भाकरी यानं आणली, पण थापली कुणी असेल? दौंडच्या त्या खोलीत, त्याच ओट्याशी, कुणीतरी सकाळी परात पुढं घेऊन बसलं असेल. कशासाठी ते तिला सांगितलं असेल का?

"अनिता," तो पुन्हा म्हणाला.

उठलं की याच्या मागं जायचं. गाव बघत होतं, उठली असती तर गावानं सगळं मिटलं असं धरलं असतं. कदाचित तोही तेवढ्याचसाठी आला असेल, मिटवून टाकायला. किंवा सत्यजीतनं भीड घातली म्हणून. किंवा त्याला खरंच काही वाटलं असेल. डोळे उघडले असते तर तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं असतं. तिनं उघडले नाहीत.

तिसऱ्यांदा तो वाकला आणि हळू म्हणाला, "ऊठ की. लोकं बघत्यात."

अनिता पडून राहिली. तिचा श्वास चाललेला पुढच्या रांगेतल्यांना दिसत होता. पोपटराव पायरीपर्यंत आले, "पोरी," एवढं म्हणाले, तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मागं सरले. मग रविराजची पावलं वाजत पायऱ्या उतरली आणि मोटरसायकलींच्या बाजूला गेली.

टाळ्या वाजवायच्या की नाही कुणाला कळेना. बायकांनी झोपलेली पोरं उचलली, सतरंज्या झटकल्या. साखरबाई एक पाऊल पुढं आली होती. ती तिथंच थांबली आणि मग इतरांबरोबर वळली. दिवे कधी घालवायचे ते सांगायचं सत्यजीतला सुचलं नाही. मैदान मोकळं झाल्यावर अनिता उठून बसली आणि अंगाखाली चोळामोळा झालेला पदर सरळ केला.

सत्यजीत पायरीवर बसला होता. "आत्या, मला वाटलं, घरचं माणूस म्हणजे..."

"मला इचारायचं व्हतंस."

"मी त्यांच्याकडं दोनदा गेलो. आधी नाही म्हणाले. मग..."

"मला इचारायचं व्हतंस रं," ती पुन्हा म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर त्याला बरं वाटलं असतं.

ती एकटी घरी गेली. मोठ्या घरातला दिवा चालू होता, दार लोटलेलं होतं.

पुढचे काही दिवस गावाला तिच्याशी कसं वागायचं ते समजत नव्हतं. कुणी वाईट बोललं नाही. उलट एकदोघींनी "बरं केलंस" म्हटलं, पण ते लांबून. न उठवता उठलेल्या माणसाचं काय करायचं, याचा नियम कुणाला ठाऊक नव्हता. गावाच्या समजुतीप्रमाणे ती अजून उठलेलीच नव्हती. सरूबाईनं आपलं पोतं जरा पलीकडं ओढलं आणि पायाला ऊन लागतं असं कारण सांगितलं. दोघींच्यामध्ये ट्रेची एक चळत आली. अनिता तिच्या गोष्टींना पलीकडून हुंकार देत राहिली. साखरबाईचं कालवण पुन्हा आलं नाही. रागानं नव्हे, समोर यायला तिलाच जड जात होतं.

महिन्याभरानं दौंडला प्रयोग लागला. रेल्वे कॉलनीतला हॉल, रविवारची दुपार. सत्यजीत सांगायला आला तो फाटकातच थांबला.

"तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. तिथं ते उठवणं वगैरे नाही. शेवटी सगळे पुढं येऊन नमस्कार करतात, एवढंच."

"आपलं आपण उठायचं?"

"हो. दिवे घालवतो, तेवढ्यात उठायचं."

"येते."

टेम्पो केडगाव-चौफुल्यावरून गेला. कॉलनीत शिरल्यावर अनितानं डाव्या हाताच्या चाळींकडं बघितलं. ती राहायची त्या चाळीला आता दुसरा रंग होता. हॉलमध्ये पंखे होते, खुर्च्या होत्या, लोक खुर्च्यांवर गप्प बसून नाटक बघत होते. आधार कार्ड मागणारं कुणी नव्हतं. शेवटाकडं विंगेत निवेदन करणारी मुलगी, अपेक्षा, कागद घेऊन आली.

"मावशी, नाव सांगा ना. आडनाव काय लावू?"

अनिताला दोन आडनावं होती. एक मतदान कार्डावर, एक शाळेच्या दाखल्यावर. तिनं दोन्ही मनात म्हणून बघितली.

"नुस्तं अनिता म्हण."

"नुसतं? बाकी सगळ्यांची पूर्ण आहेत."

"असू दे."

ती मेली, दिवे गेले. अंधारात पप्पू धापा टाकत उठला. ती एका कुशीवर झाली, तळवा फळीवर टेकला, गुडघा घेतला आणि उभी राहिली. दिवे लागले तेव्हा ती रांगेत होती. माइकवर एकेक नाव येत होतं. "सगुणा, अनिता," अपेक्षा म्हणाली आणि टाळ्यांचा आवाज मोठा झाला. डोळ्यांवर उजेड येत असल्यामुळं समोरच्या माणसांचे चेहरे दिसत नव्हते. त्यांत कोण होतं, कोण नव्हतं, तिनं शोधलं नाही. एवढ्या माणसांनी तिचं नाव ऐकलं आणि त्यांतल्या कुणाच्याही घरी तिला जायचं नव्हतं. तिनं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी नर्सरीत कोबीचे ट्रे भरायचे होते. सरूबाईला सकाळपासून राहवत नव्हतं.

"कुनी उठवलं तिथं?"

"कुनी न्हाई. दिवे गेले, उठले."

"आन् मग? कुणाच्या घरी गेलीस?"

"माझ्या."

सरूबाईनं त्यावर विचार केला. "एकलीच?"

"टेम्पोत समदे व्हते. फाट्यापसनं एकली."

"भ्या न्हाई वाटलं?"

अनितानं ट्रेमधला भुसा बोटांनी सारखा केला. "वाटलं थोडं," ती म्हणाली, आणि पुढच्या घरात बी सोडलं.